आगगाडीने जात मोडली का?

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डब्यांची एक गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ठाण्याकडे निघाली. २१ तोफांची सलामी झाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिच्या तीन इंजिनांची नावे स्पर्धा परीक्षांच्या कृपेने आज अनेकांना तोंडपाठ आहेत. तेव्हा त्या प्रवासाचे वर्णन येथे पुन्हा करीत नाही.

आजच्या धाग्याचा प्रश्न निराळा आहे. यंत्र समाजाला अधिक नीतिमान करते की अधिक भ्रष्ट? हा वाद मोबाइलच्या आधीचा आहे, दूरचित्रवाणीच्या आधीचा आहे. आपल्याकडे तो मोठ्या प्रमाणावर प्रथम झडला तो आगगाडीवरून. आणि 'नीती' हा शब्द हवेत राहू नये म्हणून मी एकच कसोटी घेतो : अस्पृश्यता. आगगाडी आल्याने ती कमी झाली का?

धागा लांब आहे. सवडीने वाचा.

पहिली गाडी धावून चार महिनेही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात हिंदुस्थानच्या भवितव्याविषयी एक लेख छापून आला. लेखक लंडनमध्ये राहत होता, हिंदुस्थानात कधीच आलेला नव्हता. नाव कार्ल मार्क्स. वृत्तपत्र 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून'. त्याचे भाकीत असे की, इंग्रज व्यापारी आपल्या कापसासाठी रेल्वे बांधतील. पण रेल्वे आली की तिच्या मागोमाग आधुनिक कारखानदारी येईल, आणि ती आली की वंशपरंपरागत श्रमविभागणी, म्हणजेच जातिव्यवस्थेचा पाया, विरघळून जाईल. लक्षात घ्या, डब्यात शेजारी बसल्याने जात मोडेल असे तो म्हणत नव्हता. कामाची वाटणी बदलल्याने मोडेल असे म्हणत होता. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

डब्यात शेजारी बसल्याने जात मोडेल, ही आशा (आणि ही भीतीसुद्धा) येथल्या लोकांची होती. ती समजून घ्यायची तर आगगाडीपूर्वीचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा लागतो. माणूस पायी, बैलगाडीने किंवा तट्टावर निघे. मुक्काम आपल्या जातीच्या घरी, नाहीतर देवळाच्या ओवरीत किंवा धर्मशाळेत. पाणी आपल्या तांब्याने, आपल्याला मोकळ्या असलेल्या विहिरीचे. सोबतही बहुधा आपल्याच माणसांची. थोडक्यात, माणूस गाव सोडी, पण गावाची रचना त्याच्यासोबत वाटभर चालत असे.

आगगाडीत हे जमेना. रेल्वे कंपनीला धर्मशास्त्राशी कर्तव्य नव्हते, भाड्याशी होते. तिने डबे पाडले ते पैशाच्या हिशेबाने. साहेबांसाठी राखीव जागा ठेवल्या, स्त्रियांसाठी वेगळे डबे ठेवले. पण प्रत्येक जातीला वेगळा डबा जोडणे तिला परवडणारे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या दर १०० प्रवाशांतील ९० हून अधिक प्रवासी खालच्या वर्गाचे असत. लाकडी बाकावर कोणाची मांडी कोणाच्या मांडीला लागते आहे हे तपासायला ना जागा होती, ना वेळ. तिकिटाच्या खिडकीवर बसलेला बाबू आणे मोजून घेई. कूळ विचारीत नसे. ही गोष्ट लहान नव्हे. ज्या समाजात रस्त्यावरून चालण्याचासुद्धा हक्क जन्माने ठरत होता, तेथे ठरावीक पैसे टाकले की कोणालाही सारखाच कागद मिळत होता.

सनातन्यांनी काय केले? बहिष्कार घातला नाही. तीर्थयात्रा इतकी सोपी झाली होती की बहिष्कार घालणे शक्यच नव्हते. त्यांनी वाट काढली. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी प्रवासात चालते, पाण्यात भिजवलेल्या पोळीसारखा तिला विटाळ नाही, ही जुनी सोय आता फार कामास आली. घरून दशम्या न्याव्यात, तांब्या झाकून ठेवावा, घरी पोहोचल्यावर स्नान करावे, झाले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे दोन वर्षे गाजला. पण त्याच पुण्यातून रोज सुटणाऱ्या गाडीच्या डब्यात कोण कोणाला खेटून बसला, यावरून शहर असे पेटले नाही. गरज असली की विटाळाकडे काणाडोळा करता येतो. गरज संपली की तो परत येतो.

तो परत आला कुठे, तर फलाटावर. डब्यात जे पाळता आले नाही ते स्टेशनावर नेटाने पाळले गेले. पाणी देण्यासाठी ब्राह्मण नेमले गेले; उत्तरेत त्यांना 'पानी पांडे' म्हणत. 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या फलाटावर घुमू लागल्या. उपाहारगृहे वेगळी झाली, चहा वेगळा झाला. येथे एक विचित्र गोष्ट घडली, आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. गावात ही विभागणी रूढीची होती. विहिरीवर तिची पाटी नव्हती. स्टेशनावर तिला पाटी मिळाली, पगारी माणूस मिळाला, कंपनीची मान्यता मिळाली. नव्या यंत्राने जुनी गोष्ट पुसली नाही. तिला छापील अक्षरात आणले.

आता १९०१ सालाकडे येऊ.

सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, गोरेगाव येथे रोखपालाचे काम करीत होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तेथे तलाव बांधत होते. त्यांची मुले साताऱ्यात राहत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटीला या, असे वडिलांचे पत्र आले. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे असा मुलांचाच चमू निघाला. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. स्टेशन १० मैलांवर होते. तेथवर टांगा केला. तिकिटे काढली, गाडी आली, बसले, आणि संध्याकाळी मसूर स्टेशनावर उतरले.

पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. न्यायला कोणी आलेले नव्हते. मुले येत असल्याचे पत्र नोकराच्या विसरभोळेपणामुळे वडिलांच्या हातीच पडले नव्हते. फलाट रिकामा झाला. स्टेशन मास्तर विचारपूस करायला आला. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणांची मुले वाटली, म्हणून तो आपुलकीने बोलत होता. मुलांनी निरागसपणे जात सांगितली आणि त्याचा चेहराच पालटला. तो चालता झाला. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट, गाडी मुलांनी स्वतः हाकायची, आणि गाडीवान बाजूने चालत येणार. गाडी विटाळेल ती विटाळेल, पण आपण विटाळलेल्यांच्या सेवेत दिसू नये. रात्र झाली. जवळ शिदोरी होती, पण पाणी नव्हते. टोलनाक्यावर भीमराव तेथल्या माणसाशी उर्दूत बोलले, आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले. ते मिळाले नाही. सोबत अन्न असूनही मुले उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

या प्रवासाचे दोन भाग करून पाहा. आगगाडीचा भाग : तिकीट, बाक, मुक्कामाचे स्टेशन. कोणी विचारले नाही, कोणी उठवले नाही. बैलगाडीचा भाग : जात, दुप्पट भाडे, तहान. यंत्राने मुलांना त्यांच्या घरापासून कित्येक मैल दूर, माणसांसारखे आणून सोडले. आणि जेथे लोहमार्ग संपला, नेमक्या त्याच पावलावर समाज त्यांची वाट पाहत उभा होता.

कोणी म्हणेल, लहान मुले होती, काळ जुना होता. मग २८ वर्षे पुढे चला. १९२९. आता तेच भीमराव कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर आहेत, मुंबई विधिमंडळाचे सदस्य आहेत, आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीवर आहेत. खानदेशातील चौकशीच्या निमित्ताने ते चाळीसगाव स्टेशनावर उतरले. तेथील महार मंडळी हार घेऊन आली होती. त्यांनी आग्रहाने मुक्काम करायला लावले. वस्ती स्टेशनापासून दूर होती. टांगेवाले महाराला बसवून न्यायला तयार नव्हते. पाहुण्याला पायी नेणे मंडळींना अपमानास्पद वाटले. तडजोड तीच, मसूरचीच : टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा एक महार हाकायला बसला. नदीवरच्या मोरीपाशी टांगा आदळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला आणि बराच काळ ते अंथरुणाला खिळून राहिले.

या प्रसंगावर त्यांनी केलेली टिपणी कडवट आहे, पण राग टांगेवाल्यावर नाही. त्यांचा रोख असा की, टांगा हाकणारा एक साधा मनुष्य, पण आपण कोणत्याही अस्पृश्यापेक्षा वरचे आहोत, मग तो बॅरिस्टर का असेना, हे समाधान त्याला समाजाने बहाल केलेले आहे. हे समाधान कुठल्याही वेगाने जाणाऱ्या गाडीला मागे टाकता आले नाही.

मध्ये एक वळण घेतो, कारण आगगाडी आणि नीती म्हटले की गांधीजींचे नाव निघणारच. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले, आणि त्यात रेल्वेवर घणाघात केला. रेल्वेमुळे प्लेग पसरतो, धान्य महाग बाजाराकडे खेचले जाऊन दुष्काळ वाढतो, तीर्थक्षेत्री लुच्च्यांची गर्दी होते; चांगले सावकाश पसरते आणि वाइटाला पंख असतात, असा त्यांचा आशय. हे निव्वळ जुनाट म्हणून उडवून लावता येत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा घाबरलेली मुंबई गाड्या भरभरून पळाली आणि रोग तिच्यासोबत पुण्याला व पुढे गेला. धान्याचेही तसेच : जी गाडी दुष्काळी मुलखात धान्य आणू शकत होती तीच तेथून ते बाहेरही नेऊ शकत होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाने उपाय म्हणून आणखी रेल्वे सुचवली ती याच गाडीच्या पहिल्या गुणावर विसंबून. तरीही गांधीजींचे एक मला पटत नाही. पूर्वीची सावकाश चालणारी व्यवस्था जणू निर्मळ होती, असे ते धरून चालतात. मसूरच्या रस्त्यावरची बैलगाडी पुरेशी सावकाश होती.

आता मार्क्सकडे परत. तो डब्यांविषयी नव्हे, कामाच्या वाटणीविषयी बोलत होता. त्याची कसोटी मुंबईच्या गिरण्यांत लागली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली आणि दोन वर्षांत तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे रत्नागिरी, सातारा, घाटमाथा येथून हजारो माणसे या गिरण्यांत आली. मराठा, कुणबी, महार, मुसलमान एका छपराखाली, एका भोंग्यावर. मार्क्सच्या भाकिताला याहून चांगली प्रयोगशाळा मिळाली नसती.

आणि ते अडले कुठे? धोट्याच्या भोकात.

हे नीट समजावून घेऊ, कारण माझ्या मते साऱ्या धाग्याचे मर्म येथे आहे. साच्यावर कापड विणताना आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी घालतो आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढतो. ते हाताने सहज निघत नाही. म्हणून तो छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढतो, आणि सूत बाहेर येते. दिवसातून कित्येकदा. म्हणजे ज्या धोट्याला एकाचे तोंड लागले त्यालाच दुसऱ्याचे लागणार. सवर्ण विणकरांनी एवढ्यावरून विणकाम खाते अस्पृश्यांना बंद करून टाकले. विणकामात मजुरी अधिक होती. महार कामगार कमी मजुरीच्या रिंग खात्यात अडकून राहिले. गिरणी आधुनिक, वाफेची ताकद आधुनिक, मालकांची कंपनी आधुनिक; पण एका लाकडी वस्तूच्या छिद्राने जातीची भिंत तशीच उभी ठेवली.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला, जवळजवळ सहा महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांना गाठून सांगितले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर मी आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. नेत्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार आम्ही नव्हे. उत्तर धूर्त होते. पण खोटे होते असे म्हणवत नाही.

आणि धोटा? तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा जगात होता. तोंडाने सूत ओढण्याची पद्धत आरोग्याला घातक म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच कायद्याने बंद केली होती. म्हणजे यंत्राचा एक भाग बदलला असता तर निदान बहाणा तरी संपला असता. पण गिरण्यांत स्वस्त सापडणारा जुना साचा चालू राहिला, कारण नवा धोटा आणायची निकड ना मालकाला होती, ना सवर्ण विणकराला. ज्यांना होती त्यांना विणकाम खात्याच्या दारातच उभे केले जात नव्हते.

एवढे सोसूनही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत, हे मला विशेष वाटते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याविषयीच्या ग्रंथात त्यांनी गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे असे की, यंत्राचे जे दुष्परिणाम दिसतात ते यंत्राचे नाहीत. खासगी मालकी आणि स्वार्थ यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचे आहेत. यंत्र मोडू नका, रचना बदला. शिवाय फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि कष्टकऱ्याला फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही. ज्याच्या पूर्वजांना गावाच्या वाट्याचे सारे कष्ट हातांनी करावे लागले, त्याला हातांच्या कामाचे गोडवे फारसे भुलवत नाहीत.

तरी रचना बदलली नाही तर यंत्र काय करते, याचा शेवटचा दाखला पुन्हा आगगाडीतलाच आहे, आणि तो फार जुना नाही.

पुढे खालच्या वर्गाच्या डब्यांतही शौचालये आली. सोय मोठी होती. तिची रचना म्हणजे जमिनीला एक भोक. जे पडेल ते रुळांवर. 'गाडी स्टेशनात उभी असताना वापर करू नये' ही पाटी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. वापर होतच असे. मग स्टेशनातले रूळ कोणी साफ करायचे? रेल्वेच्या कारखान्यांत हे काम करणारे यंत्र तयार झाले नाही, कारण त्याची गरज कोणाला भासली नाही. हे काम करायला 'जन्माने ठरलेली' माणसे हाताशी होतीच. जी आगगाडी वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडणार होती, तिने त्याच श्रमविभागणीत एक नवे काम घातले : लोहमार्गावरची मैलासफाई.

सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती अनेक वर्षे चालली. २०१३ मध्ये हाताने मैलासफाईला बंदी घालणारा नवा कायदा झाला आणि त्याच्या व्याख्येत 'रेल्वेमार्ग' हा शब्द स्पष्टपणे आला. मात्र त्याच कायद्यात एक सवलतही आली : केंद्र सरकारने ठरवलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरून सफाई होत असेल, तर रेल्वे डब्यातील शौचालय 'अस्वच्छ' मानले जाणार नाही. २०१४ मध्ये न्यायालयाचा निकाल आला. त्या दशकातच संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने तयार झालेल्या जैव-शौचालयांच्या टाक्या डब्यांखाली मोठ्या प्रमाणावर बसू लागल्या, आणि रुळांवर मैला पडणे हळूहळू थांबले. तंत्र अशक्य कोटीतले नव्हते. बोरीबंदरहून पहिली गाडी सुटल्यापासून कायद्यात तो शब्द येईपर्यंत १६० वर्षे लागली.